एकच डोळा लाल, आत ठणका, चिपडे मात्र नाहीत : हे डोळे येणेच आहे का?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा असून महाप्याच्या एका कंपनीत रात्रपाळीला संगणकावर काम करतो. गेल्या आठवड्यात त्याचा डावा डोळा लाल झाला. पावसाळ्याचे दिवस आहेत आणि २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर पसरलेली डोळ्यांची साथ अजून सर्वांच्या लक्षात आहे, त्यामुळे घरी, कार्यालयात आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही ‘डोळे आले’ यावर सर्वांचे एकमत झाले. मेडिकलमधून थेंब आणले, टॉवेल वेगळा केला, काळा चष्मा घेतला. थेंब नियमित घालूनही दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले आहे. उजवा डोळा अगदी स्वच्छ आहे, घरात कोणालाही लागण झालेली नाही आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या नसतात. आईच्या मते ही अंगातली उष्णता आहे.

हे डोळे येणेच असेल का, नसल्यास आणखी काय काय असू शकते आणि डॉक्टर ते नेमके कशावरून ओळखतात, हे जाणकारांनी सांगावे.

खाडीकाठ

साथीतही सुरुवात बहुधा एकाच डोळ्यापासून होते आणि दुसरा डोळा दोन-तीन दिवसांनी लाल होतो, तेव्हा एवढ्यावरून घाबरण्याचे कारण दिसत नाही. आमच्याकडे गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवतात आणि त्याने आराम पडतो.

नेत्रवैद्य

मी ठाण्यात नेत्रतज्ज्ञ म्हणून काम करतो. येथे वाचून कोणाच्या डोळ्याचे निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही. मात्र तपासणीच्या खोलीत सुरुवातीला आम्ही जे विचारतो ते येथे विचारता येईल, कारण लाल डोळ्याचे कारण पुष्कळदा रुग्णाच्या सांगण्यातूनच स्पष्ट होऊ लागते. लाली म्हणजे डोळ्यावरील रक्तवाहिन्या फुगल्याची खूण. त्या कशामुळे फुगल्या, हे लालीच्या कमीअधिकपणावरून कळत नाही. अत्यंत लाल दिसणारा डोळा निरुपद्रवी असू शकतो आणि किंचित लाल डोळ्याची नजर चार दिवसांत जाऊ शकते.

म्हणून पुढील गोष्टी भावाला विचारून कळवाव्यात. दुखणे नेमके कसे आहे? वाळू गेल्यासारखे खुपते, चुरचुरते, की आत ठणका लागून तो भुवईपर्यंत जातो? खुपणे बहुधा पृष्ठभागाचे असते, ठणका आतला असतो. चिपडे किंवा चिकट स्राव नाही असे आपण लिहिले आहे. नुसते पाणी येते का? उजवा डोळा तळहाताने झाकून, नेहमीचा चष्मा असल्यास तो लावून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील बारीक अक्षरे त्याला पूर्वीसारखी वाचता येतात का? डोळे आल्यावर स्रावामुळे धूसर दिसते, पण पापण्यांची उघडझाप केली की ते निवळते. उघडझाप करूनही धूसर राहत असेल तर ते डोळे येणे आहे असे गृहीत धरू नये.

यानंतर आरशासमोर उजेडात पाहावे. लाली पापणीच्या आतल्या बाजूला व कडांना अधिक आहे, की काळ्या बुबुळाभोवती जांभळट कडे धरल्यासारखी आहे? दोन्ही बाहुल्या सारख्याच मोठ्या आणि गोल आहेत का? त्यानंतर दुखरा डोळा मिटून हाताने झाकावा आणि चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारावा; त्या वेळी झाकलेल्या डोळ्यात कळ येते का, ते मला विशेषकरून हवे आहे. कॉन्टॅक्ट लेन्स, डोळ्याला लागलेले काही, पूर्वीची शस्त्रक्रिया यांबरोबरच कंबर, सांधे, वारंवार तोंड येणे आणि क्षयाचा इतिहास यांविषयीही लिहावे. हे प्रश्न डोळ्याशी असंबद्ध वाटतील, पण ते तसे नाहीत.

थेंबांच्या बाटलीवरील घटकांची नावे वाचावीत. त्यात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे काही असेल तर ते स्टेरॉइड आहे आणि ते माहीत असणे आवश्यक आहे.

खाडीकाठ यांना एवढेच सांगेन की मिटलेल्या पापणीवर स्वच्छ गार पाण्याची पट्टी ठेवण्यास हरकत नाही, पण गुलाबपाणी, मध, दूध, एरंडेल यांपैकी काहीही डोळ्यात जाऊ देऊ नये. ही द्रव्ये निर्जंतुक नसतात.

तुर्भे फॅब्रिकेटर

धागाकर्त्याच्या भावाचे काम संगणकाचे आहे, परंतु रबाळे, पावणे, तुर्भे आणि वागळे इस्टेट या औद्योगिक पट्ट्यातून हा धागा वाचणारे पुष्कळ जण असतील म्हणून लिहितो. आमच्या कामात डोळा लाल होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ग्राइंडरची ठिणगी. कण बुबुळात रुततो, दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती गंजाचे कडे तयार होते आणि मग कोणीतरी अनुभवी माणूस काडीला कापूस गुंडाळून तो काढायला पुढे सरसावतो. ते होऊ देऊ नका. वेल्डिंगचे वेगळे असते. संरक्षक काचेशिवाय वेल्डिंगचा प्रखर उजेड पाहिला तर लगेच काही होत नाही, काही तासांनी, बहुधा रात्री, दोन्ही डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग होते.

नेत्रवैद्य

आपण लिहिलेले योग्य आहे. त्याला एक जोड देतो. छिन्नी-हातोड्याने काम करताना उडालेला कपचा इतक्या वेगाने येतो की तो डोळ्याच्या भिंतीतून आत शिरतो, बाहेर जखम जेमतेम दिसते आणि रुग्णाला ‘काहीतरी लागून गेले’ एवढेच आठवते. अशा वेळी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून लोखंडाचा कण आत नाही याची खात्री करावी लागते. एमआरआय मात्र करायचा नसतो, कारण चुंबकाने तो कण आत सरकतो. डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये. चुना, ॲसिड किंवा सिमेंट गेल्यास याच्या उलट, डॉक्टर शोधण्याआधी नळाच्या पाण्याखाली निदान अर्धा तास डोळा धुवावा. चुना दिसायला साधा असला तरी ॲसिडपेक्षा खोल जातो.

ऐरोलीकर

भावाकडून सर्व विचारून घेतले. दुखणे खुपण्यासारखे नाही, आतून ठणकते आणि भुवईवरही जाणवते. पाणी येते, चिकट काही नाही. डाव्या डोळ्याने दिनदर्शिकेतील तिथीचे बारीक अक्षर वाचता येत नाही, धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते आणि उघडझाप करून फरक पडत नाही. लाली बुबुळाच्या कडेला दाट आहे. डावी बाहुली उजवीपेक्षा लहान वाटते आणि मला ती नीट गोल दिसली नाही. उजव्या डोळ्यावर टॉर्च मारला तेव्हा झाकलेल्या डाव्या डोळ्यात कळ आली, याचे आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटले. लेन्स नाही, इजा नाही. थेंबांत केवळ मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक आहे.

कंबरेविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला की सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते आणि हिंडू-फिरू लागल्यावर सुटते. हे बऱ्याच काळापासून आहे, पण त्याने त्याचा दोष कार्यालयातील खुर्चीला दिला होता. गेल्या वर्षी उजवा डोळाही काही दिवस असाच लाल झाला होता, असेही त्याला आता आठवते.

नेत्रवैद्य

त्याला आजच स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून तपासण्याचे यंत्र) असलेल्या नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे, उद्यावर ढकलू नये. खाजगी दवाखाना जवळ नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात दाखवता येईल.

आपण दिलेल्या उत्तरांवरून बुबुळामागील रंगीत पडद्याचा दाह, ज्याला आम्ही आयरायटिस किंवा पुढच्या भागाचा युव्हिआयटिस म्हणतो, तो असण्याची शंका येते. टॉर्चची परीक्षा त्यासाठीच होती. एका डोळ्यावर प्रकाश पडला की दोन्ही बाहुल्या एकदम आकुंचन पावतात. ज्या डोळ्याचा पडदा सुजलेला आहे तो झाकलेला असला तरी त्याच्या बाहुलीला आकसावे लागते आणि त्या हालचालीने कळ येते. साध्या डोळे येण्यात असे होत नाही. बाहुली लहान आणि वेडीवाकडी दिसते, कारण सुजलेला पडदा मागच्या भिंगाला चिकटू लागतो. हे चिकटणे पक्के झाले तर पुढे डोळ्याचा दाब वाढणे आणि मोतीबिंदू अशा गुंतागुंती होतात, म्हणून घाई करण्यास सांगतो आहे.

ही शंका आहे, निदान नव्हे. बुबुळावरची जखमही ठणका, धूसरपणा आणि प्रकाशाचा त्रास निर्माण करते, आणि दोन्हींवरचे औषध परस्परविरोधी असू शकते.

वाशीची लेक

वर बाहुलीचा उल्लेख आला म्हणून आमच्या घरातील प्रसंग सांगते. माझ्या साठी ओलांडलेल्या आईला एका संध्याकाळी अर्धे डोके असह्य दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. ज्या दवाखान्यात आधी नेले तेथे पित्त आणि अर्धशिशी समजून इंजेक्शन दिले गेले. डोळा लाल झाला आहे हे सर्वांना दिसत होते, पण इतक्या उलट्या झाल्यावर डोळा लाल होणारच, अशी आम्ही समजूत करून घेतली. रात्री ती म्हणाली की दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात. तेव्हा नात्यातील एका परिचारिकेने फोनवरूनच डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेण्यास सांगितले. डोळ्याचा दाब पन्नासच्या वर निघाला. तो काचबिंदूचा तीव्र झटका होता. तिची बाहुली मात्र लहान नव्हती, मोठी होऊन तशीच राहिली होती.

नेत्रवैद्य

लाल डोळ्यांतील ज्या कारणात अक्षरशः तास मोजावे लागतात ते हेच. डोळ्याचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांदरम्यान असतो. डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा कोपरा एकाएकी बंद झाला की तो ५० ते ७० पर्यंत चढतो. बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखे धुरकट होते, बाहुली अर्धवट मोठी होऊन प्रकाशाला दाद देत नाही आणि मिटलेल्या पापणीवरून बोटाने चाचपले तर डोळा दगडासारखा कठीण लागतो. वय पन्नाशीच्या पुढचे, स्त्री, आणि जवळचे व लांबचे दोन्ही पाहण्यास अधिक (प्लस) नंबरचा चष्मा लागणारा आखूड डोळा, अशा व्यक्तींत याची शक्यता जास्त असते. अंधारात बाहुली मोठी होते म्हणून झटका पुष्कळदा संध्याकाळनंतर येतो, आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही तो सुरू होऊ शकतो. दाब औषधांनी उतरवून नंतर लेसरने रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडतात आणि दुसऱ्या डोळ्यालाही तो झटका येण्याआधीच ते पाडून घेतात. आपल्या आईंच्या दुसऱ्या डोळ्याचे लेसर झाले आहे ना?

वाशीची लेक

होय, आठवडाभरातच केले. पहिल्या डोळ्याची नजर थोडी कमी राहिली, दुसरा उत्तम आहे.

पारसिक

माझी मुलगी महाविद्यालयात जाते आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. तिचा डोळा अधूनमधून लाल होतो, तेव्हा ती लेन्स काढून ठेवते आणि दोन दिवसांनी पुन्हा लावते. तिच्याबाबत काय पाहावे? दुसरे असे, की धोक्याची घंटा वाजवून सगळ्यांना घाबरवत राहिलो तर साधे डोळे आलेल्या प्रत्येकाने स्लिट लॅम्पसमोर रांग लावायची का?

नेत्रवैद्य

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही. दोन्ही डोळ्यांना चिकटपणा, खाज किंवा चुरचुर, घरात वा शाळेत लागण, नजर शाबूत आणि ठणका नाही, असे असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप बरे होते. विषाणूंमुळे येणाऱ्या डोळ्यांवर प्रतिजैविकाचा उपयोगही नसतो. पांढऱ्या भागात अचानक रक्ताचा गडद डाग दिसला, पण दुखत नाही आणि नजर नीट आहे, तर तो बहुधा खोकल्याने, जोर केल्याने किंवा रक्तदाबाने फुटलेल्या बारीक वाहिनीचा असतो. रक्तदाब मोजून घ्यावा, डाग दोन आठवड्यांत विरतो.

मुलीचे तसे नाही. लेन्स वापरणाऱ्याचा लाल आणि दुखरा डोळा बुबुळावर जखम नाही हे सिद्ध होईपर्यंत जखमेचाच समजायचा असतो. लेन्स लावून झोपणे, नळाच्या पाण्याने डबी धुणे किंवा लेन्ससह पोहणे यांमुळे स्यूडोमोनस नावाचा जिवाणू किंवा अकँथामीबा हा एकपेशीय जीव बुबुळात शिरू शकतो. पहिला एक-दोन दिवसांत बुबुळ कुरतडतो, दुसऱ्याची जखम दिसते त्यापेक्षा कितीतरी अधिक दुखते. दाखवायला जाताना लेन्स आणि तिची डबी टाकून न देता बरोबर न्यावी, कारण तीवरून जंतू सापडण्याची शक्यता असते. जखम ओळखण्यासाठी डोळ्यात फ्लुओरेसिन नावाचा पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहतात. जेथे पृष्ठभाग खरचटला आहे तेथे तो हिरवा चमकतो. नागिणीच्या कुळातील हर्पिसची जखम झाडाच्या फांद्यांसारखी फुटलेली दिसते आणि ती एकदा पाहिली की विसरत नाही.

शंकासूर

माझा प्रश्न निदानाच्या थोडा पुढचा आहे. युव्हिआयटिसवर स्टेरॉइडचेच थेंब देतात असे ऐकले आहे. मग मेडिकलवाल्याने पहिल्याच दिवशी प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली बाटली दिली असती, जशी तो पुष्कळांना देतो, तर भाऊ एव्हाना बरा झाला नसता का? स्टेरॉइडला सगळे जण उगाच नावे ठेवतात असे वाटते.

नेत्रवैद्य

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. युव्हिआयटिसमध्ये स्टेरॉइडचे थेंब हाच मुख्य उपचार आहे. सुरुवातीला ते तासातासाला घालावे लागतात आणि ते टाळले तर डोळ्याचे नुकसान होते. त्यामुळे स्टेरॉइडला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. परंतु मुरबाड-शहापूरकडे भातकापणीच्या दिवसांत ज्याच्या डोळ्यात कुसळ किंवा पात लागली आहे, त्याच्या बुबुळात बुरशी वाढत असू शकते. त्या डोळ्यात हीच बाटली गेली तर लाली उतरते, दुखणे कमी होते, रुग्ण समाधानाने कामावर जातो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. तो परत येतो तेव्हा बुबुळ पांढरे झालेले असते, आणि उपचार यशस्वी झाला तरी फूल पडायचे ते पडते. हर्पिसच्या जखमेतही असेच होते. दोन्ही प्रकारचे डोळे काउंटरपलीकडून सारखेच लाल दिसतात. भावाला ती बाटली मिळाली असती तर कदाचित बरे वाटलेही असते, पण अपुऱ्या मात्रेने दाह अर्धवट दबला असता, कंबरेचा प्रश्न कोणी विचारला नसता आणि दाब कोणी मोजला नसता.

ऐरोलीकर

काल संध्याकाळीच दाखवले. स्लिट लॅम्पखाली बुबुळामागच्या पाण्यात पेशी तरंगताना दिसल्या, बुबुळाच्या आतल्या बाजूला बारीक ठिपके होते आणि पडदा एका ठिकाणी भिंगाला चिकटला होता. रंग घालून पाहिले, जखम नाही. दाब १२. बाहुली मोठी करणारे थेंब तेथेच दोन-तीनदा घातल्यावर चिकटलेला भाग सुटला, आणि डोळ्याच्या मागचा पडदाही (रेटिना) तपासून झाला. प्रेडनिसोलोनचे थेंब जागेपणी दर तासाला आणि बाहुली मोठी ठेवणारे होमॅट्रोपिन दिवसातून तीनदा दिले आहे. रक्तात एचएलए-बी२७, छातीचा एक्स-रे, मँटू, व्हीडीआरएल आणि कंबरेच्या खालच्या सांध्यांचा एक्स-रे सांगितला आहे. आज ठणका पुष्कळ कमी आहे. एका डोळ्यासाठी छातीचा एक्स-रे कशाला, असे आई विचारते आहे.

नेत्रवैद्य

निदान झाले हे उत्तम. आईंना सांगावे की आपल्याकडे क्षय हे डोळ्याच्या आतील दाहाचे एक ओळखीचे कारण आहे, म्हणून छाती आणि मँटू; व्हीडीआरएल ही गरमी (सिफिलिस) या रोगासाठी, आणि ती कोणावर संशय म्हणून नव्हे तर सर्वांचीच करतात. एचएलए-बी२७ हा रोग नसून पेशींवरील एक आनुवंशिक खूण आहे; ती असलेली बहुसंख्य माणसे निरोगी असतात. पण तरुण वय, एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने सुटणारी कंबर, हे तिन्ही एकत्र आले की मणक्याच्या संधिवाताचा, म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा विचार करावाच लागतो. चाचणी होकारार्थी आल्यास संधिवाततज्ज्ञाकडे जावे, खुर्ची बदलून भागणार नाही.

चिकित्सक वाचक

बुबुळाला जखम नाही, बाहुली ठीक, दाब ठीक, तरीही डोळा लाल आणि असह्य दुखरा, असे होऊ शकते का? माझ्या आत्याला आमवात आहे आणि तिला रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागतो, जो कपाळ आणि जबड्यापर्यंत जातो.

नेत्रवैद्य

होते, आणि आपण केलेले वर्णन स्क्लेरायटिसकडे, म्हणजे पांढऱ्या कवचाच्या दाहाकडे बोट दाखवते. आमवात असलेल्यांत तो अधिक आढळतो. दिवसाच्या उजेडात पाहिल्यास लालीत निळसर-जांभळी छटा दिसते आणि पापणीवरून हलका स्पर्शही सहन होत नाही. त्याचा सौम्य भाऊबंद एपिस्क्लेरायटिस फारसा दुखत नाही. दोहोंतील फरकासाठी फेनिलेफ्रिनचा थेंब घालतात. वरवरच्या वाहिन्या असतील तर लाली फिकी पडते, खोलवरची लाली तशीच राहते. स्क्लेरायटिसला थेंब पुरत नाहीत, पोटात औषधे घ्यावी लागतात, म्हणून आत्यांना नेत्रतज्ज्ञ आणि आमवाताचे डॉक्टर दोघांनाही लवकर दाखवावे.

ऐरोलीकर

दोन व्यावहारिक शंका आहेत. होमॅट्रोपिनमुळे त्याला मोबाइलवरचे दिसत नाही, हे ठीक आहे का? आणि बरे वाटल्यावर स्टेरॉइड केव्हा थांबवायचे?

नेत्रवैद्य

जवळचे धूसर दिसणे आणि उजेड डोळ्यात जाणे हा त्या थेंबाचा अपेक्षित परिणाम आहे. तो थांबवल्यावर एक ते तीन दिवसांत निवळतो. तोपर्यंत त्याने दुचाकी चालवू नये. प्रेडनिसोलोनची बाटली प्रत्येक वेळी चांगली हलवून घ्यावी, कारण औषध तळाशी बसते. दोन वेगळ्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. बरे वाटले म्हणून थेंब एकदम बंद करू नयेत. पेशी कमी होत जातील तसे डॉक्टर काही आठवड्यांत ते उतरवत आणतील, आणि त्या काळात दाब पुन्हा मोजला जाईल, कारण काहींचा दाब स्टेरॉइडमुळे दोन-तीन आठवड्यांनंतर चढू लागतो आणि तो चढताना दुखत नाही. पुढे कधीही कोणताही डोळा असाच ठणकू लागला तर मेडिकलमध्ये न जाता जुने कागद घेऊन थेट त्याच डॉक्टरांकडे जावे.